गेटबाहेरचं माप

"टेलर मास्टर फिर आ गए," एक पहारेकरी दुसऱ्याला हळूच म्हणाला आणि दोघांनीही हसू गिळून माना ताठ केल्या. हातात रायफल असताना मोठ्यानं हसायची बहुतेक परवानगी नसावी.

टेलर मास्टर त्या वेळी गेटच्या आत एका गुलमोहराला मिठी मारून उभे होते. गाल खोडाला टेकलेला, चष्मा कपाळावर, आणि गळ्यातली पिवळी टेप खोडाभोवती गुंडाळलेली. साधी शिंप्याची टेप. एका बाजूला इंच, दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर, टोकाला पत्र्याची पट्टी.

"लिही अक्का. छाती चव्वेचाळीस. डावा खांदा उतरलाय. पोट नाही. नेक्स्ट!"

मी वहीत लिहिलं: गुलमोहर, घेर एकशे बारा सेंटिमीटर, एका बाजूस झुकलेला. अण्णा तोवर पुढच्या गिऱ्हाइकाकडे गेले होते.

झाडाचा घेर छातीच्या उंचीवर मोजायचा असतो, हा आमच्या धंद्यातला नियम आहे. अण्णांनी तो जरा जास्तच मनावर घेतला होता, इतकंच.

त्यांचं पूर्ण नाव वामनराव पुकाळे. वय बासष्टच्या आसपास. आयुष्यभर बागांच्या सरकारी खात्यात नोकरी करून निवृत्त झाले आणि आमच्या छोट्या कंपनीत आले. आम्ही पर्यावरणाचे अहवाल तयार करतो. कुठे कारखाना वाढवायचा असेल, रस्ता रुंद करायचा असेल, तर तिथली झाडं, पाणी, धूळ, आवाज आणि माणसं यांचं काय होईल ते आम्ही लिहून देतो. कंपनीत एक मॅडम, पाच टेबलं आणि अण्णा. अण्णांना टेबल नाही. टेबलाशी बसलं की पाठ धरते, असं ते म्हणतात आणि खिडकीच्या कट्ट्यावर बसतात.

त्यांचं घराणं शिंप्यांचं. शहरातल्या जुन्या कब्बनपेटेत कितीतरी पिढ्या. "कुणाच्या तरी फौजेबरोबर तंबू शिवत आलो की. फौज परत गेली, आम्ही राहून सोडलो," हा त्यांचा तीनशे वर्षांचा इतिहास. एवढ्यात संपतो.

मी पुण्याची, नोकरीसाठी या कन्नड मुलखात आलेली, सव्वीस वर्षांची. शाळा इंग्रजी माध्यमाची. ऑफिसात माझं 'ओके' आणि 'शुअर' या दोन शब्दांवर छान भागतं. पहिल्या दिवशी अण्णांनी मला "काय की अक्का, जेवण झालं?" असं विचारलं तेव्हा मी मागे वळून पाहिलं. बासष्ट वर्षांचा माणूस अक्का म्हणतोय म्हणजे माझ्यामागे कुणीतरी सत्तर वर्षांच्या बाई उभ्या असणार. मागे फक्त फोटोकॉपीचं मशीन होतं.

"तुझं मराठी इस्त्रीचं हाय," त्यांनी पहिल्याच आठवड्यात निकाल दिला. "आमचं अंगावर वाळलेलं."

अण्णा माणसं शिवणीवरून ओळखतात. मॅडमच्या कुर्त्याची कॉलर बघून त्यांनी ओळखलं की त्या घाईत निर्णय घेतात. बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्याचा मॅनेजर आम्हाला दोन तास सांडपाण्याचं कौतुक सांगत होता. बाहेर आल्यावर अण्णा म्हणाले, "अस्तर नाही माणसाला. वरचा कपडा तेवढा महाग." पुढे त्या कारखान्याच्या सांडपाण्याचं जे निघालं, ते अस्तर नसल्यासारखंच होतं.

त्यांचा सगळ्यावर एकच सल्ला. "स्वल्प ढिला ठेवा." अहवालाची तारीख ठरवताना, नाल्याची रुंदी ठरवताना, माझ्या बुटाची नाडी बघताना, सगळीकडे स्वल्प ढिला ठेवा. कपडा घट्ट झाला की परत शिंप्याकडे येतो, ढिला असला की माणूस त्यात मोठा होतो, असा त्यांचा हिशेब. कॉफी मात्र ते मोजून पितात. म्हणजे एकटे असले तरी 'बाय-टू' मागवतात. दोन अर्धे कप समोर येतात. एक संपवून मग दुसरा पितात. पोऱ्याला, हॉटेलवाल्याला, कुणालाच आता त्याचं नवल वाटत नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "एका कपाला टेबल मोठं दिसतं."

आता या गेटबद्दल. शहराच्या पूर्वेला, होसकोट्याच्या वाटेवर एक लष्करी ठाणं आहे. नाव सांगणार नाही, तसं आम्ही लिहून दिलंय. त्याचं गेट जुनं आणि अरुंद. मोठे ट्रक आत जाताना एकेक करून तपासले जातात आणि मागची रांग हमरस्त्यावर येते. म्हणून तिथे तीन लेनचं नवीन गेट, तपासणीची शेड आणि पास देण्याची मोठी खिडकी करायची आहे. काम तसं लहान, पण ठाण्याच्या वरच्या ऑफिसनं पर्यावरण अहवाल मागितला आणि तो आमच्याकडे आला.

आत मोबाइल न्यायचा नाही. फोटो काढायचे नाहीत. नकाशा दाखवतात, देत नाहीत. जे काही न्यायचं ते डोक्यात किंवा पेन्सिलीनं वहीत. अण्णांना हे काम म्हणजे सणच वाटला. "बघ, शेवटी माणूस आणि टेप. बाकी सगळं गेटवर जमा."

झाडांची यादी मात्र ठाण्यानंच दिली. लष्करी आवारात प्रत्येक झाडाच्या बुंध्याला खाली गेरू, वर चुना आणि मध्ये काळ्या रंगात नंबर असतो. त्या नंबरांवरून कुणीतरी यादी केली होती. एकूण अडतीस झाडं. आम्ही एकेक मोजत अकरा नंबरपाशी आलो आणि तो दिव्याचा खांब निघाला. गेरू, चुना, नंबर, सगळं व्यवस्थित. रंगवणाऱ्यानं जे उभं दिसलं ते रंगवलं होतं.

"यह खंभा है," मी आमच्याबरोबरच्या हवालदाराला म्हटलं. त्या दिवशीचं माझं हे एकमेव वाक्य.

"लिस्ट में है, मॅडम," तो शांतपणे म्हणाला.

अण्णांनी वाद घातला नाही. खांबाभोवती टेप लावली. "छाती चोवीस. तब्येत चांगली. पालवी नाही. वाढीची आशा सोडा," असं त्यांनी सांगितलं आणि मी ते तसंच वहीत लिहिलं, कारण हसू दाबताना मला दुसरं काही सुचत नव्हतं. दुर्दैवानं ती वही पुढे मेजरसाहेबांनी चाळली. हे मेजर गेटच्या कामाचे प्रमुख. ते हसले नाहीत. मॅडमना फोन आला आणि पुढच्या मीटिंगला अण्णांना आत आणू नये असं ठरलं. "माणूस चांगला हाय," अण्णा मेजरबद्दल म्हणाले, "पँट दुसऱ्याच्या मापाची. म्हणून चिडतो."

पण खरी भानगड खांबाची नव्हती. गेटच्या बाहेर, कंपाउंडची भिंत आणि रस्ता यांच्यामध्ये, एक जुनं करंजाचं झाड आहे. इथे त्याला होंगे म्हणतात. भलं मोठं, बुटकं, पसरलेलं. पासची वाट बघणारी सगळी माणसं त्याच्याखाली उभी असतात. त्याच्या बुंध्यावर गेरू नाही आणि नंबर नाही, कारण रंगवणारे भिंतीच्या आतच रंगवतात. नंबर नाही म्हणून यादीत नाही. आणि नकाशातली नवीन तिसरी लेन बरोबर त्या बुंध्यावरून जात होती. यादीतल्या झाडांना परवानगी लागणार, बदली रोपं लावावी लागणार. हे झाड कागदावर नव्हतंच, त्यामुळे ते एका सकाळी नुसतं नसणार होतं.

अण्णांनी मॅडमना सांगितलं. मॅडम वाईट नाहीत, त्यांच्यामागे कामं फार. "अण्णा, यादी त्यांची आहे. झाड भिंतीबाहेर आहे. यादी बदलली तर फाइल पुन्हा वर जाणार, गेट वर्षभर लांबणार. ट्रकची रांग रस्त्यावर आहे, कुणीतरी मरेल तिथे."

"गेट नको कुठं म्हटलं? चार मीटर डावीकडं सरकवा. तिथं मोडकी शेड हाय, कुणाची नाही. स्वल्प ढिला..."

"अण्णा, प्लीज."

त्या संध्याकाळी मी अहवालाचा मसुदा त्यांच्या हातात दिला. अण्णा इंग्रजी बोटानं वाचतात, ओळीखाली बोट सरकवत, ओठ हलवत. चौदाव्या पानावर बोट थांबलं. तिथे लिहिलं होतं की गेटबाहेर कोणतीही उल्लेखनीय वनस्पती आढळली नाही.

"हे कुणी लिहिलं?"

"टेम्प्लेटमधलं आहे," मी म्हटलं. ते खरंही होतं. बोम्मसंद्र्याच्या त्या कारखान्याच्या अहवालातून मी ते पान उचललं होतं आणि 'कारखाना'च्या जागी 'गेट' घातलं होतं. आमच्याकडे असंच करतात.

"टेम्प्लेट साइटवर येऊन गेलं काय?" अण्णांनी विचारलं. रागानं नाही. खरंच माहिती हवी असल्यासारखं. मी 'ओके' म्हटलं, ज्याचा तिथे काहीच अर्थ लागत नव्हता, आणि कागद परत घेतले. वाक्य तसंच ठेवलं. मॅडमनी 'फायनल' म्हटलं होतं आणि फायनल शब्दानंतर बोलायची मला सवय नाही.

अहवालात माणसांवरही एक प्रकरण लागतं, तेवढं अजून बाकी होतं. गेटवर कोण येतं, किती वेळ थांबतं वगैरे. रविवारी जवानांना भेटायला घरची माणसं येतात, म्हणून मोजणी रविवारी. अण्णा रविवारी कधीच येत नाहीत. "आइतवारी नको की. आइतवारी माझ्याकडं माणसं येतात," हे ते मोठ्या रुबाबात सांगतात. मला वाटायचं, घरी नातवंडांचा गोंधळ असणार.

मी एकटीच बसनं गेले. पासची खिडकी दहाला उघडते आणि माणसं सातपासून आलेली असतात. करंजाखाली चटया, डबे, पिशव्या, झोपलेली बाळं. दोन बस बदलून आलेले, दोन दिवस रेल्वेत बसून आलेले. मोजायला सुरुवात कुठून करावी या विचारात मी ताक विकणाऱ्या रत्नम्मांना विचारलं, लोक साधारण किती वेळ थांबतात. माझं कन्नड ऐकून त्यांना दया आली असावी. त्यांनी झाडाच्या पलीकडच्या बाजूला बोट दाखवलं. "नम्म टेलरला, आमच्या टेलरला विचार. त्याला सगळं ठाऊक."

पलीकडच्या बाजूला एका जाड मुळावर आमचे अण्णा बसले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, ओठांत सुई, मांडीवर एका लहान मुलीचा फ्रॉक. ती मुलगी आईच्या ओढणीत गुंडाळून शेजारी उभी होती आणि उसवलेला खिसा कसा शिवला जातोय ते अगदी जवळून बघत होती. मागे आणखी तीन जणांची रांग. एका म्हाताऱ्या बाईंच्या हातात मुलासाठी आणलेला नवा शर्ट होता. एका माणसाच्या पिशवीचा बंद तुटला होता. अण्णा प्रत्येकाशी त्याच्या भाषेत बोलत होते आणि प्रत्येक भाषा सारख्याच आत्मविश्वासानं चुकीची.

"कितना महीना हुआ बेटा को? सहा? तो शर्ट में बाही खोलके रखताय मैं. मिलिटरी का खाना, हात भरताय."

मग त्यांना मी दिसले. सुई ओठांतच राहिली. मी वही छातीशी धरली. आम्ही दोघेही कुठेतरी पकडलो गेलो होतो.

"माणसं येतात म्हटलं होतं की," ते शेवटी म्हणाले. "ये, बस."

खिडकी उघडली, झाडाखालची गर्दी आत गेली आणि एकदम फक्त पानांची सावली उरली. रत्नम्मांनी दोन ग्लास ताक आणून दिलं. अण्णांनी न विचारता सांगितलं. त्यांचे वडील मशीन घेऊन याच झाडाखाली बसायचे. रोज कब्बनपेटेतून सायकलवर मशीन बांधून यायचे. नवीन भरती झालेली पोरं आतून मिळालेला ढगळ युनिफॉर्म घेऊन बाहेर यायची आणि वडील तो त्यांच्या अंगाला बसवून द्यायचे. "पण पुरा नाही बसवायचे. म्हणायचे, पोरगं अजून वाढतंय, ढिला ठेव. मी तेव्हा काजं करायचो. शाळा सुटली की इथंच."

"आणि आता घरी?" मी विचारलं.

"घरी कोण की. बायको गेली त्याला चार वर्षं. पोरगी कॅनडात, चांगली हाय, फोन करती. मशीन हाय बापाची. चालवावी वाटती. पण कपडा लागतो की अक्का. कुणाचा शिवू?" त्यांनी ताक संपवलं आणि ग्लास उपडा करून मुळावर ठेवला. "इथं कुणाचं ना कुणाचं काहीतरी उसवलेलं असतंच."

मला अशा वेळी काय बोलतात ते इंग्रजीतही येत नाही आणि मराठीतही. मी वर बघत राहिले. करंजाला नवी पालवी आली होती, पोपटी, तुकतुकीत.

"याचं माप घेतलंय तुम्ही?" मी विचारलं. इतक्या वेळात सुचलेलं पहिलं कामाचं वाक्य.

अण्णांचा चेहरा पडला. "एवढं एकच राहिलं बघ. दोन टेपा जोडून शिवल्यात मी याच्यासाठी. पण हात पुरत नाहीत. दुसरं टोक धरायला माणूस लागतं."

"टोकाला एखादी टाचणी लावून..."

"गिऱ्हाइकाला टाचणी टोचत नाहीत," ते दुखावून म्हणाले.

मग मी उठले. वही रत्नम्मांकडे दिली, टेपचं पत्र्याचं टोक सालीवर दाबून धरलं आणि गाल खोडाला टेकवला, कारण दुसरा उपायच नव्हता. मुंग्या होत्या. पहारेकरी बघत होते. पलीकडून अण्णांचा आवाज येत होता, "सोडू नको हां. वर घे. वर. छाती म्हटलं की छाती. आँ... आता नीट." त्यांना पूर्ण फेरी घालायला बराच वेळ लागला. मुळं चुकवत, एका हातानं खोडाला धरत ते माझ्या बाजूला आले आणि माझ्या अंगठ्याशी टेप जुळवली.

"अठ्ठ्याण्णव," ते म्हणाले. मग पुन्हा, हळू, "अठ्ठ्याण्णव."

"लिहू?"

"कुठं लिहशील? तुझ्या टेम्प्लेटात जागा हाय काय?" आणि लगेच, टोमणा लागला असेल म्हणून, "तसं नाही ग. पण एक सांगतो. बापाचं, माझं काय आत मीटिंगला सांगू नको. आपलं झाड म्हटलं की लोकांना माप पण खोटं वाटतं."

गुरुवारी मीटिंग. मॅडम आणि मी आत, अण्णा बाहेर. गेटवर ते आम्हाला सोडायला आले होते. त्यांनी माझ्या बाहीकडे बघितलं, खिशातून छोटी कात्री काढली आणि लोंबणारा एक दोरा कापला. "आत जाताना असलं नको," एवढंच म्हणाले आणि झाडाकडे गेले.

आतल्या खोलीत एसी फार होता. मेजरसाहेब अहवालाचं एकेक पान उलटत, वाचत, पेन्सिलीनं खूण करत होते. आमचं बोलणं तिथे हिंदी-इंग्रजीत चालतं, मी इथे मराठीत लिहितेय. सगळ्यात शेवटच्या पानावर 'प्रत्यक्ष पाहणी करून' असं छापलेलं होतं आणि त्याखाली माझ्या सहीची जागा रिकामी होती. मी तेवढंच पान आधी उघडून बघितलं होतं.

ते चौदाव्या पानावर आले.

"गेटबाहेर उल्लेखनीय वनस्पती नाही," त्यांनी वाचलं. "बरोबर?"

"बरोबर, सर," मॅडम म्हणाल्या.

पेन्सिल कागदाला टेकली. मी हात वर केला, शाळेत करतात तसा, आणि मेजरसाहेबांना त्याचं इतकं आश्चर्य वाटलं की ते थांबले. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. त्यांना बहुतेक वाटलं, मला बाहेर जायचंय. पण आवाज निघाला तो चांगला मोठा निघाला, दारातल्या जवानानंसुद्धा मान वळवली.

"सर, ते वाक्य माझं आहे. मी ते बाहेर न बघता, जुन्या अहवालातून उचललं होतं. बाहेर करंजाचं एक झाड आहे. रविवारी दहापर्यंत सगळी माणसं त्याच्या सावलीत थांबतात. गेट चार मीटर डावीकडे घेतलं तर झाड राहतं आणि गेटही होतं, ते मी काढून दाखवते. त्याचा घेर अठ्ठ्याण्णव इंच आहे. आमच्या वामनराव पुकाळ्यांनी मोजलाय. टेपचं दुसरं टोक मी धरलं होतं."